उमेदवारी कोणाच्या मालकीची?

21 जुलै 2024 च्या रविवारी दुपारी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी एक पत्र प्रसिद्ध केले आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली. मतदानाला 107 दिवस उरले होते. नोव्हेंबरात त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उपराष्ट्राध्यक्षा कमला हॅरिस डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून हरल्या, आणि तेव्हापासून अमेरिकेत राहणाऱ्या, डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी तिथेच येऊन थांबतात. एक बाजू म्हणते, घोडा बदलायलाच नको होता. दीड कोटीच्या आसपास लोकांनी निवडलेला माणूस चार-दोन पुढाऱ्यांनी आणि देणगीदारांनी घालवला आणि त्याची शिक्षा मिळाली. दुसरी बाजू म्हणते, बदल केला म्हणून तर एवढी तरी मते पडली. दोन्ही बाजू निकालाचे आकडे पुढे सरकवत राहतात, आणि मुळातला प्रश्न कोणी विचारतच नाही: पक्षाची उमेदवारी असते कोणाची? मिळवणाऱ्याची, देणाऱ्याची, की ज्यांच्या नावाने ती दिली जाते त्या मतदारांची?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. उमेदवारी ही त्या माणसाकडे सोपवलेली ठेव आहे. ठेव सांभाळणे त्याला झेपत नाही असे दिसले तर ती परत मागण्याचा पक्षाला अधिकार आहे, आणि दिसूनही मागितली नाही तर तो पक्षाचा अपराध आहे. जुलैमध्ये उमेदवार बदलला हे योग्यच झाले. चुकले ते त्याच्या आधी आणि त्याच्या लगेच नंतर.

27 जूनच्या गुरुवारी रात्री आम्ही फिलाडेल्फियाजवळ एका मैत्रिणीच्या घरी अटलांटामधली बायडन-ट्रम्प वादसभा बघायला जमलो होतो. तिच्या सासूबाई साताऱ्याहून आलेल्या होत्या. त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी कळते, पण अमेरिकेच्या राजकारणाशी काही देणे-घेणे नाही; त्या मटार सोलत आमच्यात बसल्या होत्या. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बायडन यांचे वाक्य मध्येच हरवले, ते थांबले, शब्द शोधत राहिले आणि शेवटी 'आम्ही मेडिकेअरला (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला) हरवले' असे काहीतरी बोलून गेले. खोलीत कोणी काही बोलेना. सासूबाईंनी हातातली शेंग तशीच ठेवली आणि सुनेला विचारले, "अगं, ह्यांच्या घरच्यांना दिसत नाही का?" पुढचे तीन आठवडे वर्तमानपत्रांत जे हजारो शब्द छापून आले, त्यांतला एकही मला या प्रश्नापेक्षा नेमका वाटला नाही. घरच्यांना दिसत होते. सल्लागारांना दिसत होते. पाच कोटींहून जास्त माणसांना एकाच वेळी दिसल्यावर मग ते सगळ्यांना मान्य करावे लागले.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, कारण तो मला स्वतःलाही बरेच दिवस टोचत होता. 8 जुलैला आपल्या पक्षाच्या खासदारांना लिहिलेल्या पत्रात बायडन यांनी तोच मांडला होता. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, मला 1 कोटी 40 लाखांहून जास्त मते मिळाली, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीवर शिक्का मारणारे जवळजवळ 3,900 प्रतिनिधी माझ्या बाजूने निवडून आले. मग मतदारांनी केलेली निवड पत्रकारांनी, पंडितांनी आणि मोठ्या देणगीदारांनी रद्द करायची, तर आपण लोकशाहीच्या गप्पा कशाच्या मारतो? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा मुळीच नाही. विशेषतः ज्या पक्षाने लोकशाही वाचवण्याच्या नावावर मते मागितली, त्याला तर नाहीच. शिवाय दबाव आला कसा हेही लक्षात घ्यावे लागते. 2 जुलैला टेक्ससचे लॉइड डॉगेट उघडपणे बोलले, नंतर एकेक खासदार बोलत गेले. पण त्याच्या कितीतरी पट जास्त काम नाव न सांगणाऱ्या 'सूत्रां'नी केले. मोठे नेते कॅमेऱ्यासमोर एक बोलत आणि बंद दाराआड दुसरे. हे कोणाला कारस्थान वाटले असेल तर त्याला मी वेड्यात काढणार नाही.

पण त्या 1 कोटी 40 लाख मतांतले एक मत माझे आहे, म्हणून ते कसे पडले हे सांगते. आमच्या पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी 23 एप्रिलला झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या रकान्यात दोन नावे छापलेली होती: जो बायडन आणि डीन फिलिप्स. मिनेसोटाचे खासदार फिलिप्स हे पक्षात राहून 'आपला उमेदवार थकला आहे' असे मोठ्याने म्हणणारे जवळजवळ एकटेच. त्यांनी 6 मार्चलाच माघार घेतली होती, म्हणजे मी पेन हातात घेतले तेव्हा समोरच्या दोन नावांपैकी एकच माणूस रिंगणात होता. फ्लोरिडात तर पक्षाने बायडन यांचे एकच नाव पाठवले, त्यामुळे तिथे प्रायमरी झालीच नाही. विद्यमान राष्ट्राध्यक्षाने आव्हानवीरांशी वादसभा करायची नाही ही जुनी प्रथा. ती याही वेळी पाळली गेली. ज्यांच्यात खरी लढत देण्याची ताकद होती, ते मिशिगन, कॅलिफोर्निया, इलिनॉय, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर, सगळे आपापल्या भविष्याचा विचार करून गप्प बसले. मी बायडन यांच्या नावापुढचा गोल काळा केला आणि बाहेर आले. त्या कागदावरून कोणाला 'लोकांनी यांचे वय बघून, तब्येत बघून, पारखून निवड केली' असा अर्थ काढायचा असेल, तर माझ्यापुरते मी सांगते: मला पारखायला काही दिलेच नव्हते. ज्यांना जुलैमध्ये मतदारांच्या कौलाची आठवण झाली, त्यांना जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत ती का झाली नाही?

आणि प्रतिनिधींचे काय? ते कोणाचे नोकर नसतात. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियमच असा आहे की अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधीने आपल्याला निवडून देणाऱ्यांच्या भावना सदसद्विवेकबुद्धीने व्यक्त कराव्यात. 'अमक्यालाच मत द्यावे' असे नियम म्हणत नाही, विवेक वापरा म्हणतो. निवडून देणाऱ्यांच्या भावना एप्रिलमध्ये एक असतील आणि जूनच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या, तर प्रतिनिधीने कोणत्या भावना घेऊन शिकागोच्या अधिवेशनाला जायचे? अधिवेशन उन्हाळ्याच्या शेवटी ठेवण्याला काही अर्थ असेल तर तो हाच, की मधल्या काळात जग बदलू शकते. नाहीतर एप्रिलमध्येच निकाल लिहून पाकिटात घातला असता तरी चालले असते.

'सदसद्विवेकबुद्धी' म्हटले की आपल्याकडच्या जुन्या वाचकांना 1969 आठवेल, आणि ते इथे खरोखरच कामाचे आहे. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतरच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरला नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले; यशवंतराव चव्हाणांनीही तिथे रेड्डींच्याच बाजूने मत दिले. इंदिरा गांधींना हे नाव नको होते. त्यांनी उमेदवार उघडपणे बदलून घेतला नाही. पक्षाचा अधिकृत उमेदवार कागदावर तसाच ठेवून त्यांनी खासदार-आमदारांना विवेकाला स्मरून मत द्यायला सांगितले, आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर निवडून आले. (स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी उभे केलेले तिसरे उमेदवार म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर त्या साठमारीत निव्वळ तिसऱ्या क्रमांकाचा आकडा होऊन राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.) मतदान 16 ऑगस्टला झाले आणि नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. नाव कायम ठेवायचे आणि माणसाला आतून पाडायचे, ही उमेदवार बदलण्याची सगळ्यात वाईट पद्धत. 2024 च्या जुलैमध्ये बायडन हट्टाला पेटले असते तर डेमोक्रॅटिक पक्षात नेमके हेच झाले असते: अर्धे नेते प्रचाराला निघालेच नसते, देणगीदारांनी थैल्या आवळल्या असत्या, आणि उमेदवार मात्र कागदावर जिवंत राहिला असता.

असे झाल्याचे एक उदाहरण फार जुने नाही. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2016 मध्ये उजव्यांच्या प्रायमरीत चाळीस लाखांहून जास्त लोकांनी मत दिले आणि फ्रांस्वा फिलाँ यांना निवडले. माणूस जवळजवळ राष्ट्राध्यक्ष झाल्यातच जमा होता. जानेवारीत एका साप्ताहिकाने उघड केले की त्यांच्या पत्नीला न केलेल्या संसदीय कामाचा पगार मिळत होता. सहकारी सोडून जाऊ लागले, प्रायमरीत दुसरे आलेले आलें ज्युपे यांना उभे करावे अशी चर्चा झाली. फिलाँ यांनी पॅरिसमधल्या ट्रोकादेरोच्या चौकात पावसात सभा घेतली, मी प्रायमरी जिंकलेला उमेदवार आहे असे बजावले, आणि दुसऱ्याच दिवशी ज्युपे यांनी आपण उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. कौलाचा मान राखला गेला. पहिल्या फेरीत फिलाँ यांना 20 टक्के मते मिळाली, ते तिसरे आले, आणि ती परंपरा सांगणारा पक्ष त्यानंतर आजवर सावरलेला नाही. ज्यांनी त्यांना नोव्हेंबरात मत दिले होते, त्यांना ही बातमी ठाऊक असती तर ते काय करते, हे त्यांना कोणी विचारलेच नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. उशिरा बदललेला उमेदवार हरतो, असे ठामपणे सांगितले जाते आणि त्यासाठी 1968 चा दाखला दिला जातो. तो पूर्ण द्यायला हवा. त्या वर्षी 31 मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी माघार घेतली, जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीतल्या रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला, आणि एकही प्रायमरी न लढलेल्या उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली. बाहेर पोलिस पोरांना लाठ्यांनी बडवत होते. हम्फ्री हरले हे खरे. पण किती मतांनी? रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांच्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी. आणि ते इतके जवळ कधी आले? 30 सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात त्यांनी व्हिएतनामच्या बाबतीत जॉन्सन यांच्यापासून अंतर घेतले, शांततेसाठी बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवली, त्यानंतर. ते भाषण एक महिना आधी झाले असते तर? हा प्रश्न 2024 साठी फार महत्त्वाचा आहे, त्याकडे परत येते.

बाकी जगात बघितले तर 'उशिरा बदल म्हणजे हार' हा नियम कुठेच टिकत नाही. ऑस्ट्रेलियात 3 फेब्रुवारी 1983 ला, निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, मजूर पक्षाने बिल हेडन यांच्या जागी बॉब हॉक यांना आणले आणि 5 मार्चला पक्ष जिंकला. न्यूझीलंडमध्ये 1 ऑगस्ट 2017 ला अँड्र्यू लिटल यांनी स्वतःहून नेतृत्व सोडले, सात-आठ आठवड्यांत जॅसिंडा आर्डर्न पंतप्रधान होण्याच्या अंतरावर आल्या आणि झाल्याही. उलट कॅनडात 1993 मध्ये ब्रायन मल्रोनी यांच्या जागी किम कॅम्पबेल आल्या आणि चार महिन्यांत सत्ताधारी पक्ष संसदेत दोन जागांवर आला. त्याच कॅनडात 2025 च्या जानेवारीत जस्टिन ट्रुडो यांनी पद सोडायचे जाहीर केले, मार्चमध्ये मार्क कार्नी आले आणि एप्रिलच्या अखेरीस पक्ष पुन्हा सत्तेवर. या देशांत नेता बदलणे सोपे असते, पंतप्रधानाचे नाव मतपत्रिकेवर देशभर छापावे लागत नाही, हा फरक मान्य. तरी या उदाहरणांत एक धागा आहे. मतदारांची तक्रार त्या एका माणसाबद्दल असेल, तर माणूस बदलल्यावर ती मिटते. तक्रार सरकारबद्दल असेल आणि तुम्ही त्याच सरकारातला दुसरा चेहरा पुढे केला, तर ती मिटत नाही. हॉक आणि आर्डर्न विरोधी बाकांवरचे होते. कॅम्पबेल मल्रोनींच्या मंत्रिमंडळातल्या. कार्नी ट्रुडोंच्याच पक्षाचे, पण मंत्रिमंडळाबाहेरचे, तोवर कधी खासदारही न झालेले. आणि ट्रम्प यांच्या धमक्यांमुळे त्या निवडणुकीचा विषयच पालटला होता.

आता हॅरिस. बायडन यांच्या दोन अडचणी होत्या: वय आणि महागाई. 21 जुलैला पहिली संपली. दुसरी जिथल्या तिथे राहिली. जून 2022 मध्ये महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर गेला होता. नंतर दर खाली आला, पण वाढलेल्या किमती खाली आल्या नाहीत, आणि माणूस दुकानात टक्केवारी देत नाही, पैसे देतो. ऑक्टोबरात मी पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत प्रचारासाठी दारोदार फिरत होते. एका घरासमोर गाडीतून किराणा उतरवत असलेल्या गृहस्थांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले, दोन पिशव्या आत ठेवून परत आले आणि म्हणाले, "पण त्या चार वर्षं तिथंच होत्या ना?" माझ्याकडे पाठ केलेली तीन उत्तरे होती. एकही तोंडातून निघाले नाही, कारण त्याच आठवड्यात, 8 ऑक्टोबरला, टीव्हीवर हॅरिस यांना कोणीतरी सरळ विचारले होते की बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे काय केले असते, आणि त्या म्हणाल्या होत्या, काहीच सुचत नाही. हम्फ्रींना सॉल्ट लेक सिटीला पोचायला उशीर झाला, पण ते पोचले. हॅरिस पोचल्याच नाहीत. पेनसिल्व्हेनिया सुमारे 1 लाख 20 हजार मतांनी गेले.

म्हणून जुलैचा खरा दोष मला बदलात दिसत नाही, बदलानंतरच्या अर्ध्या तासात दिसतो. माघारीच्या पत्रानंतर तेवढ्याच वेळात बायडन यांनी हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला, पुढच्या दीड-दोन दिवसांत पुरेसे प्रतिनिधी त्यांच्यामागे उभे राहिले, आणि 5 ऑगस्टला प्रतिनिधींचे ऑनलाइन मतदान संपले तेव्हा रिंगणात दुसरे कोणी नव्हते. अधिवेशन अजून दोन आठवड्यांवर होते. का एवढी घाई? ज्यांनी ती केली त्यांची कारणे पोकळ नव्हती. प्रचारखात्यात साडेनऊ कोटी डॉलर होते आणि ते बायडन-हॅरिस या जोडीच्या नावावर होते. तिसऱ्या कोणाला ते सरळ मिळाले नसते. ओहायोच्या अर्ज भरण्याच्या मुदतीची भीती होती. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे, पहिली महिला, पहिली कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाची उपराष्ट्राध्यक्षा शेजारी उभी असताना तिला ओलांडून दुसऱ्याला पुढे करणे हा पक्षाच्या सगळ्यात निष्ठावान मतदारांचा, कृष्णवर्णीय स्त्रियांचा, अपमान ठरला असता. हे सगळे मला पटते. पण लढत होऊ देणे म्हणजे ओलांडणे कसे? दोन वादसभा, चार नावे, तीन आठवडे. बहुधा हॅरिस यांनाच उमेदवारी मिळाली असती. मात्र तिथे त्यांना कोणीतरी भर सभेत 'बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे काय कराल' असे विचारले असते, आणि उत्तर शोधायला भाग पाडले असते. आपल्याच घरातल्या प्रश्नांना तोंड न देता त्या बाहेरच्या लढाईत उतरल्या, आणि हे त्यांच्यावर लादले गेले. त्यांना झुकते माप देण्याच्या नादात पक्षाने त्यांची तालीम काढून घेतली.

तरीही त्यांना साडेसात कोटी मते पडली, आणि ट्रम्प यांनी जिंकलेल्या मिशिगन, विस्कॉन्सिन, नेवाडा, ॲरिझोना या चार राज्यांत सिनेटच्या जागा त्यांच्याच पक्षाने राखल्या. बायडन उमेदवार असते तर त्या राहिल्या असत्या का? बायडन नंतर म्हणाले की मी जिंकलो असतो. असेल. त्या दुसऱ्या नोव्हेंबरात जाऊन कोणालाच बघून येता येत नाही, म्हणून निकालावरून बदलाची बरोबरी-चूक ठरवणे मला मान्य नाही. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये, आणि निवडून आले असते तर 86 वर्षांचे होईपर्यंत, हा माणूस हे काम करू शकेल का, याचे प्रामाणिक उत्तर 27 जूनला मिळाले होते. ते उत्तर कळूनही त्याच्यासाठी मते मागत फिरणे म्हणजे मतदाराशी खोटे बोलणे होते. हरण्या-जिंकण्याचा हिशोब त्यानंतरचा.

इथे मलाच एक कुंपण घालून घ्यावे लागते, नाहीतर माझा युक्तिवाद कोणत्याही पक्षाला वाटेल तेव्हा वापरता येईल. सर्वेक्षणे वाईट आली म्हणून उमेदवार बदलणे मला मान्य नाही. 2002 मध्ये न्यू जर्सीत सिनेटर रॉबर्ट टोरिचेली भेटवस्तूंच्या प्रकरणात बदनाम झाले, हरणार असे दिसू लागले, तेव्हा 30 सप्टेंबरला, मतदानाला 36 दिवस असताना, त्यांनी माघार घेतली. कायद्याने नाव बदलायची मुदत 51 दिवस होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बदलाला परवानगी दिली, पक्षाने फ्रँक लाउटेनबर्ग यांना आणले आणि ते जिंकले. माझा पक्ष जिंकला, पण मला ते आवडलेले नाही. टोरिचेलींबद्दलचे आरोप आधीपासून लोकांसमोर होते. नवीन काय कळले, तर ते हरतील एवढेच. माझ्या लेखी बदलाला एकच कारण पुरेसे आहे: मतदारांनी निवड केली तेव्हा जे त्यांच्यापासून दूर ठेवले गेले, ते उघड झाले आणि ते पदाच्या कामाशीच संबंधित आहे. बायडन यांचे वय सगळ्यांना ठाऊक होते, हे मला मान्य. पण 'जवळून बघणाऱ्या आम्हाला विचारा, ते ठणठणीत आहेत' हे वर्षभर आम्हाला कोण सांगत होते?

या कसोटीवर 1972 चा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी सिनेटर टॉमस ईगलटन यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडले. पूर्वी नैराश्यासाठी ते रुग्णालयात होते, त्यांना विजेचे झटके दिले गेले होते, असे कळल्यावर मॅकगव्हर्न म्हणाले मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे, आणि 31 जुलैला त्यांना काढले. ईगलटन यांनी ते लपवले ही चूक. पण उपचार घेऊन बरा झालेला, सिनेटमध्ये नीट काम करणारा माणूस त्या आजाराच्या नावानेच अपात्र ठरला. मिसुरीच्या मतदारांनी त्यांना त्यानंतर दोनदा सिनेटवर पाठवले, म्हणजे त्यांना पक्षापेक्षा जास्त कळले.

आणि वेळेची सीमा? ती मतपत्रिकेच्या छपाईत आहे. 2024 मध्येच अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी 23 ऑगस्टला अनेक राज्यांतून नाव काढायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलायनात टपाली मतपत्रिका निघायच्या बेतात असताना न्यायालयाच्या आदेशाने त्या नव्याने छापाव्या लागल्या आणि मतदान उशिरा सुरू झाले. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये नाव तसेच राहिले आणि माघार घेतलेल्या माणसाला लोक मते देत बसले. पहिले मत पाकिटात पडले की पक्षाचा हक्क संपायला हवा. त्याच्या आधी मात्र 'आता फार उशीर झाला' हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. ते वाक्य म्हणणाऱ्यांनीच बहुतेक वेळा उशीर केलेला असतो.

मला सगळ्यात अवघड जाणारा आक्षेप आईने फोनवर घेतला. "एवढं केलं त्या माणसानं, आणि म्हातारा झाला म्हणून हाकलला? तुमच्याकडं माणसाची हीच किंमत?" आई पंच्याहत्तरीच्या पुढची आहे, त्यामुळे हा प्रश्न फक्त बायडन यांच्याबद्दल नव्हता. मी तिला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची गोष्ट सांगितली. 2 ऑक्टोबर 1919 ला त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि पुढचे कितीतरी महिने कोणता कागद त्यांच्यापर्यंत जायचा हे त्यांच्या पत्नी ठरवत होत्या; देशाला सांगितले गेले की थकवा आहे. तशा अवस्थेतही 1920 मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळेल अशी आशा त्यांना होती. 1944 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती पक्षाच्या धुरिणांना दिसत होती. त्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून त्यांनी खालचे, उपराष्ट्राध्यक्षपदाचे, नाव बदलले: हेन्री वॉलेस गेले, हॅरी ट्रुमन आले. शपथविधीनंतर 82 दिवसांनी रूझवेल्ट गेले, आणि अणुबॉम्ब बनत आहे हे ट्रुमन यांना राष्ट्राध्यक्ष झाल्यावर नीट सांगितले गेले. वडीलधाऱ्याचा मान राखणे म्हणजे त्याच्या थरथरत्या हातात गाडीची चावी ठेवणे नव्हे, असे मी म्हणाले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग आधीच कोणीतरी शेजारी बसून सांगायचं होतं. चारचौघांत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ती बरोबर आहे.

पुढच्या प्रायमऱ्यांचे वेळापत्रक ठरत आहे. कोणते राज्य पहिले यावर पक्षात जोराची ओढाताण चालली आहे. मला त्याहून दोन साध्या गोष्टी हव्या आहेत. विद्यमान राष्ट्राध्यक्ष रिंगणात असला तरी प्रायमरीत निदान दोन वादसभा झाल्याच पाहिजेत, आणि तो आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून त्या व्हाव्यात. आणि अधिवेशनाआधी उमेदवाराने माघार घेतली किंवा त्याला घ्यावी लागली, तर बदली उमेदवार खुल्या लढतीतून कसा निवडायचा, पैसा कोणाला मिळायचा, किती दिवसांत, हे लिहून ठेवलेले असावे. त्या रविवारच्या दुपारी जे सुचेल ते नको. आमच्या काउंटीच्या पक्षसमितीच्या बैठकीत मी हे दोन ठराव मांडले आहेत. पहिल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की आपल्याच राष्ट्राध्यक्षाला अडचणीत आणणारा नियम आपण कशाला करायचा. मी त्यांना माझी एप्रिलची मतपत्रिका कशी होती ते सांगितले: दोन नावे, एक गेलेले. ते म्हणाले, त्यांनीही त्याच कागदावर मत दिले होते, पण दुसरे नाव त्यांनी वाचलेच नव्हते.